बटण दाबल्यानंतरचे गणित



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य अभियांत्रिकीच्या मुलांना गणित शिकवण्यात घालवले. म्हणून विषय त्यांच्याच फळ्यावरचा घ्यायचे मी ठरवले. 'युनिट स्टेप फंक्शन' हे नाव सांगितल्यावर संयोजकांचा चेहरा जरा पडला होता. पण या फलनाचा आलेख चौथीतले पोरही काढील. डावीकडून शून्यावरून येणारी आडवी रेघ, मग एकदम उडी, आणि तिथून पुढे एकवरून जाणारी आडवी रेघ. एका ठरावीक क्षणाच्या आधी किंमत शून्य, नंतर एक. पुस्तकी मराठीत त्याला एकक पायरी फलन म्हणतात. मी नुसते 'पायरी' म्हणेन.

माझे म्हणणेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शेवटची बस गाठायची असेल तर अडचण नको. पायरी म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न असतो, आणि आपल्या कॉलेजांत ती पाठ करायचे सूत्र म्हणून शिकवली जाते.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. लॉकडाऊनचे दिवस. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करून दारात पणत्या लावा, असे आवाहन झाले होते. आपण तेल-वात शोधत होतो, तेव्हा भार प्रेषण केंद्रांतल्या इंजिनियरांच्या डोक्याला वेगळाच ताप होता. विजेची मागणी जितकी असेल तितकीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. मागणी एकदम घसरली की जनित्रे जोरात फिरू लागतात आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या वर चढते. ती फार चढली की संच स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून सुटतात, आणि एकामागून एक सुटू लागले तर अख्खे जाळे बसते. मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती एकतीस हजार मेगावॉटहून जास्त घटली. तरी वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात राहिली. घटीतला अर्ध्याहून मोठा वाटा जलविद्युत केंद्रांनी पेलला, कारण पाण्याचा संच काही मिनिटांत खाली-वर आणता येतो. कोळशाच्या बॉयलरला तेवढी चपळाई नाही.

अशा प्रसंगाची तयारी कशी करतात? मागणी नऊच्या ठोक्याला पायरीसारखी खाली आली तर जाळे काय करील, हा प्रश्न घालून. प्रत्यक्षात ती तशी आली नाही. पावणेनऊपासूनच लोक दिवे मालवू लागले, आणि आलेखावर उडीच्या जागी वीसेक मिनिटांचा उतार दिसला. या उताराकडे मी पुन्हा येणार आहे. आधी हा प्रश्न घालायला माणूस कुठे शिकला ते पाहू.

तो शिकला समुद्राच्या तळाशी. १८५८ साली आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकखालून पहिली केबल पडली. व्हिक्टोरिया राणीच्या ९८ शब्दांच्या संदेशाला पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले. असे का व्हावे, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तीन वर्षे आधीच कागदावर मांडले होते. पाण्यात बुडालेली, रबरासारख्या गटापर्चात गुंडाळलेली तांब्याची तार म्हणजे हजारो मैल लांबीचा कपॅसिटर. त्याच्या या टोकाला एकदम बॅटरी जोडली, तर त्या टोकाला उडी उमटत नाही. आधी बराच वेळ काहीच येत नाही, मग अगदी हळू चढणारी आणि शेवटपर्यंत रेंगाळणारी वक्ररेषा येते. केबलची लांबी दुप्पट केली की ही रेंगाळ चौपट होते.

केबल टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने शल्यविशारद. त्यांना हा वर्गाचा नियम मान्य नव्हता. संदेश नीट जात नाहीत असे दिसल्यावर त्यांनी केबलला दोनेक हजार व्होल्टचे धक्के दिले आणि काही आठवड्यांत केबल गतप्राण झाली. समीकरण न मानण्याची इतकी महाग किंमत विद्युतशास्त्रात त्याआधी कोणी मोजली नसेल. १८६६ मध्ये थॉमसन यांच्या सल्ल्याने बनलेली जाड केबल 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकली, ती टिकली. हेच अजस्र जहाज १८७० मध्ये मुंबईला आले आणि त्याने मुंबई ते एडन केबल टाकली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या पेढ्यांवर समुद्राखालून येऊ लागला तो तेव्हापासून.

आपल्या पायरीचा धनी याच तारांच्या धंद्यातला. ऑलिव्हर हेविसाइड, जन्म १८५०, लंडनच्या कॅमडेन टाउनमधल्या गरीब वस्तीत. लहानपणी आलेल्या तापाने ऐकू कमी यायचे. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, कॉलेजचे तोंड पाहिले नाही. तारयंत्राच्या संशोधकांपैकी एक, चार्ल्स व्हीटस्टन, नात्याने मावशीचे यजमान. त्या ओळखीने तार कंपनीत नोकरी लागली, आधी डेन्मार्कमध्ये, मग न्यूकॅसलला. चोविसाव्या वर्षी ती सोडली आणि नंतर मरेपर्यंत दुसरी धरली नाही. आईवडिलांच्या घरात खोली लावून घेऊन हा माणूस मॅक्सवेलचा ग्रंथ वाचत बसला. आज जगभरची मुले मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणे शिकतात, त्यांना तो सुटसुटीत सदिश पेहराव याने चढवला. मॅक्सवेलच्या ग्रंथात ती त्या रूपात सापडत नाहीत.

त्याच्यापुढे प्रश्न होता तारा आणि स्विच यांचा. तोवरचे गणित मऊ, सलग फलनांवर पोसलेले होते. ग्रह सूर्याभोवती फिरतो तो कालही फिरत होता आणि उद्याही फिरणार. तिथे कोणी बटण दाबत नाही. तारमास्तर मात्र दिवसभर बटणच दाबत असतो. त्याच्या जगात प्रत्येक गोष्टीला सुरुवात आहे, आणि सुरुवातीच्या आधी शांतता आहे. हेविसाइडने ही शांतता गणितात आणली.

त्याची युक्ती थोडी उलगडून सांगतो. कंटाळा आला तर दोन मिनिटे पंख्याकडे पाहा. काळाच्या संदर्भात विकलन करणे, या क्रियेला त्याने 'पी' हे अक्षर दिले. मग 'पी' ला साध्या संख्येसारखे वागवायला सुरुवात केली. विकलन म्हणजे पीने गुणणे. संकलन म्हणजे पीने भागणे. आता तारेचे एक वेटोळे घ्या. त्याचा रोध एक, प्रवर्तकता एक, आणि क्षण शून्यला त्याला एक व्होल्टची बॅटरी जोडा. विकल समीकरण सोडवत बसण्याऐवजी हेविसाइड सरळ लिहितो: प्रवाह म्हणजे पायरी भागिले (१ + पी). पुढे तो शाळेतला भागाकार करतो:

१/पी − १/पी² + १/पी³ − …

आता पायरीला पीने एकदा भागले, म्हणजे तिचे एकदा संकलन केले, की सरळ चढण मिळते: टी, म्हणजे काळ. दोनदा केले की टीचा वर्ग भागिले २. तीनदा केले की टीचा घन भागिले ६. सगळे एकत्र मांडले की

टी − टी²/२ + टी³/६ − …

आणि ही मालिका म्हणजे १ वजा ई चा ऋण टी घात, हे बारावीच्या मुलालाही ओळखू येते. वेटोळ्यातला प्रवाह शून्यापासून चढत एकाजवळ जातो, हे उत्तर आले. कुठेही अज्ञात स्थिरांक आला नाही, सुरुवातीच्या अटी घालाव्या लागल्या नाहीत. त्या गेल्या कुठे?

सगळी मेख इथे आहे. कोणत्याही फलनाचे आधी संकलन करून मग विकलन केले तर मूळ फलन परत मिळते. उलट केले, म्हणजे आधी विकलन आणि मग संकलन, तर सुरुवातीची किंमत हातातून निसटते. म्हणजे पीने गुणून भागणे आणि भागून गुणणे ही एरवी सारखी नसतात, आणि हेविसाइडचा सगळा खेळ ती सारखी असण्यावर उभा आहे. पण फलन शून्य क्षणाच्या आधी कायमचे शून्य असेल, तर निसटायला काही शिल्लकच नसते. सुरुवातीची अट पायरीच्या पोटात गेलेली असते. म्हणून हेविसाइडच्या लेखनात पायरी जिथे तिथे दिसते, पुष्कळदा नुसता '१' होऊन. ती काढून घेतली तर त्याचे गणित एका ओळीत कोसळते. पाठ्यपुस्तकांत तिला लाप्लास रूपांतराच्या प्रकरणातला एक उपविभाग मिळतो. माझ्या मते प्रकरणाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

हेविसाइड इथेच थांबता तर त्याचे कोणाशी वाकडे आले नसते. पण लांब केबलचे समीकरण त्याच पद्धतीने सोडवताना पीचे वर्गमूळ समोर आले. एखादे फलन एकदा विकलित करता येते, दोनदा करता येते. अर्ध्या वेळा कसे करायचे? हेविसाइडने उत्तर दिले: पायरीचे अर्धे विकलन म्हणजे एक भागिले पाय गुणिले टी यांचे वर्गमूळ. गणितज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण या राशीला प्रत्यक्षात अर्थ आहे. अनंत लांब केबलला बॅटरी जोडल्यावर तिच्या तोंडाशी शिरणारा प्रवाह नेमका याच रीतीने ओसरतो.

आणि फक्त केबलच नव्हे. १८६२ मध्ये केल्व्हिन यांनी पृथ्वीचे वय काढले ते याच वक्ररेषेवरून. पृथ्वी सुरुवातीला सगळीकडे सारखी तापलेली होती आणि तिचा पृष्ठभाग एकदम थंड झाला, असे त्यांनी धरले. ही तापमानाची पायरीच. मग जमिनीखाली जाताना तापमान ज्या दराने वाढते तो दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. खाणीतला आजचा दर मोजा आणि वय काढा. उत्तर आले ९ कोटी ८० लाख वर्षे, सैल हाताने म्हणायचे तर २ कोटी ते ४० कोटी. आज आपण सुमारे ४५४ कोटी मानतो. केल्व्हिन यांच्या संकलनात चूक नव्हती; पृथ्वीच्या पोटातून उष्णता सगळीकडे सारख्याच संथपणे वाहते हे गृहीत चुकले होते. १८९५ मध्ये जॉन पेरी या त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने तिथे बोट ठेवले, आणि पेरीच्या बाजूचे गणित हेविसाइडने आपल्या पी-पद्धतीने करून दाखवले. भूगर्भशास्त्रावरच्या भांडणात तारमास्तराचे गणित कामी आले, याची मला अजून गंमत वाटते.

आता त्या प्रसिद्ध अपमानाकडे. रॉयल सोसायटीने १८९१ मध्ये हेविसाइडला फेलो केले. १८९३ मध्ये तिच्या कामकाजात त्याचे या पद्धतीवरचे दोन लेख छापून आले. फेलोचा लेख सहसा परीक्षकाकडे जात नसे. तिसरा मात्र गेला, विल्यम बर्नसाइड या नाणावलेल्या गणितज्ञाकडे, आणि १८९४ मध्ये परत आला.

ही गोष्ट सांगताना बर्नसाइडला खलनायक करायची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. हेविसाइड अभिसारी नसलेल्या मालिका बिनदिक्कत वापरत असे. कुठपर्यंतची पदे घ्यायची आणि कुठे थांबायचे, हे तो अंदाजाने ठरवी. त्याचा हात पक्का होता म्हणून उत्तरे बरोबर येत. पण तोच कारखाना कच्च्या हाताच्या माणसाच्या ताब्यात दिला तर काय बाहेर पडेल? 'हे कधी चालते आणि कधी चालत नाही ते सांगा,' असे परीक्षकाने म्हणणे हे त्याचे कामच आहे. सोसायटीचा दोष असलाच तर एवढाच, की दार लावून घेतल्यावर आत काय आहे हे पाहायला पुन्हा कोणी लवकर आले नाही. गणितज्ञ ब्रॉमविच यांनी १९१६ मध्ये संमिश्र चलांच्या संकलनातून या पद्धतीला आधार दिला. अमेरिकेत टेलिफोन कंपनीतल्या जॉन कार्सन यांनी १९२६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३७ मध्ये जर्मनीत डॉइट्श यांचा लाप्लास रूपांतरावरचा ग्रंथ आला. पी हे अक्षर गेले, एस आले. पद्धत सभ्य झाली आणि तिच्यावर पाटी लागली लाप्लास यांची, जे १८२७ मध्येच वारले होते.

टेलिफोनवरून आठवले. आवाज विकृत न होता जावा यासाठी तारेची प्रवर्तकता मुद्दाम वाढवा, हे हेविसाइडने १८८७ मध्येच सांगितले होते. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस यांना ते पटले नाही. प्रवर्तकता म्हणजे शत्रू, असे त्यांचे मत. शेवटी तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी घालायचे पेटंट अमेरिकेत मायकेल प्युपिन यांना मिळाले आणि पैसाही त्यांना. हेविसाइड टॉर्कीला एकटा राहत होता, गॅसच्या बिलावरून कंपनीशी भांडत. १९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले फॅरेडे पदक त्याला दिले. १९२५ मध्ये तो गेला.

आता आपल्या कॉलेजात येऊ. दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या, पेपरात हमखास प्रश्न असतो: 'खालील फलन युनिट स्टेप फंक्शनच्या रूपात लिहा आणि त्याचे लाप्लास रूपांतर काढा.' शून्य ते एक टीचा वर्ग, एक ते दोन चार टी, पुढे शून्य. मुले ते सुटसुटीत करतात. पायऱ्यांच्या वजाबाकीने खिडक्या पाडतात, दुसरा शिफ्टिंग थिअरम लावतात, ई चा ऋण ए-एस घात बाहेर काढतात, आठपैकी सात गुण घेतात. मग विचारा, 'बाळा, असला व्होल्टेज कुठून येतो?' बाळ गप्प. आणि याला बाळाचा इलाज नाही, कारण असला व्होल्टेज प्रश्नपत्रिकेखेरीज कुठूनच येत नाही. जे येते ते अगदी साधे असते: काहीतरी सुरू झाले, थोडा वेळ चालले, बंद झाले. एका पायरीतून तिच्यामागून येणारी दुसरी पायरी वजा केली की स्पंद मिळतो. डिजिटल घड्याळापासून तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत सगळे त्याच स्पंदांवर चालते.

कुंभाराकडून माठ घेताना आपण आधी त्याच्यावर टिचकी मारून ऐकतो. इंजिनियर यंत्राबाबत तेच करतो, फक्त टिचकीच्या जागी पायरी देतो, कारण स्विच दाबणे किंवा व्हॉल्व्ह उघडणे त्याच्या हातात असते. कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनवाले याला बंप टेस्ट म्हणतात. समजा, साखर कारखान्यात रस तापवणारा हीटर आहे. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायचा, वाफेचा व्हॉल्व्ह एकदम पाच टक्के जास्त उघडायचा, आणि हात मागे घेऊन तापमानाचा कागद पाहत बसायचे. आधी काही वेळ रेघ हलत नाही, मग चढते, मग नव्या पातळीवर बसते. किती वेळ हलली नाही आणि नंतर किती तिरकी चढली, हे दोनच आकडे घेऊन १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स या दोन अमेरिकी इंजिनियरांनी पीआयडी (प्रमाण, संकलन, विकलन) कंट्रोलरच्या सेटिंगचे नियम दिले. संकलनाचा वेळ त्या विलंबाच्या दुप्पट ठेवा, विकलनाचा निम्मा. नियम ओबडधोबड आहेत, त्या नियमांनी लावलेला कंट्रोलर जरा उतावळा वागतो. तरी ऐंशी वर्षांनंतरही कामाला सुरुवात करताना ते घेतले जातात, यातच त्यांची किंमत आली.

पायरीला मिळालेले उत्तर वाचता आले की यंत्राचा स्वभाव कळतो. काही यंत्रे नव्या पातळीवर सावकाश, न ओलांडता जातात. पहिल्या घाताच्या साध्या यंत्रणेत एका कालस्थिरांकात ६३ टक्के वाट कापली जाते, पाचांत ९९ टक्क्यांहून जास्त. काही घाईची असतात. पातळी ओलांडतात, परततात, पुन्हा ओलांडतात. अवमंदन गुणोत्तर ०.५ असेल तर ओलांडणे सुमारे १६ टक्के. तराजूच्या काट्यात एवढे चालून जाईल. लिफ्टमध्ये चालणार नाही, कारण मजला ओलांडून परत येणाऱ्या लिफ्टमध्ये दुसऱ्यांदा कोणी पाऊल ठेवणार नाही.

आणि आता तो ५ एप्रिलचा उतार. रेषीय यंत्रणेत एक मोठी सोय असते. दोन कारणांचे एकत्र उत्तर म्हणजे त्या दोघांच्या स्वतंत्र उत्तरांची बेरीज. त्या रात्री प्रत्येक घरात जे झाले ती छोटीशी पायरीच होती. कोणी आठ पन्नासला बटण दाबले, कोणी नऊला, कोणी बातम्या संपल्यावर. कोट्यवधी छोट्या पायऱ्या वेगवेगळ्या क्षणी पडल्या आणि त्यांच्या बेरजेचा उतार झाला. उलटही खरे: कोणताही उतार, चढ, लाट बारीक बारीक पायऱ्यांनी रचता येते. म्हणून एका पायरीचे उत्तर माहीत असले की कोणत्याही आदानाचे उत्तर बेरजेने काढता येते. ड्युहामेलचे संकलन हे नाव ऐकून मुले घाबरतात. त्यात एवढेच आहे. एका प्रश्नाचे उत्तर नीट ऐकून ठेवले की पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच सुटतात, असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या शास्त्राला सापडला असेल तर मला सांगा.

सिव्हिलवाल्यांनी रुसू नये म्हणून तुळईचे एक उदाहरण. दोन टेकूंवरच्या तुळईवर तीन ठिकाणी वजने ठेवली तर तिचे चार तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचे वेगळे समीकरण, दोन-दोन स्थिरांक, एकूण आठ अज्ञात. डब्ल्यू. एच. मॅकॉले यांनी १९१९ मध्ये एक कंस सुचवला, ज्याच्या आतली किंमत ऋण असेल तर शून्य धरायची. म्हणजे पायरीच, फक्त काळाऐवजी लांबीवर. अख्ख्या तुळईचे एकच समीकरण होते आणि अज्ञात उरतात दोन. आर. सी. सी.च्या डिझाइनला बसलेल्या किती जणांना हे तेच फलन आहे हे ठाऊक असते, देव जाणे.

पायरीचा खोडकरपणाही सांगायला हवा. साइन लाटा जोडून ती बनवायला गेलात तर उडीच्या काठावर लाटा उडीच्या सुमारे ९ टक्के वर उसळतात, आणि कितीही लाटा वाढवल्या तरी ही उसळी कमी होत नाही, फक्त काठाला अधिक चिकटते. हे हेन्री विल्ब्रॅहम यांना १८४८ मध्येच दिसले होते. नाव मिळाले १८९९ मध्ये लिहिणाऱ्या गिब्ज यांचे. एमआरआयच्या चित्रात तीव्र कडांशेजारी खोट्या रेषा उमटतात त्या याच गिब्जच्या, आणि रेडिओलॉजिस्टला त्या रोग समजायच्या नाहीत हे शिकावे लागते. पायरीचे विकलन केले तर आणखी विचित्र वस्तू हाती येते: सगळीकडे शून्य, एका बिंदूवर अनंत, आणि क्षेत्रफळ मात्र एक. हेविसाइड ती वापरत होताच. ब्रिस्टलला विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पॉल डिरॅक यांनी तिला पुंजयामिकीत प्रतिष्ठा दिली, आणि लोराँ श्वार्त्झ यांनी वितरणांचा सिद्धांत मांडून तिला गणिताच्या घरात रीतसर नाव लावून दिले. त्याबद्दल १९५० मध्ये त्यांना फील्ड्झ पदक मिळाले.

बरोबर शून्याला किंमत किती? कोणी शून्य म्हणतो, कोणी एक, कोणी अर्धा. मॅटलॅब हे सॉफ्टवेअर अर्धा देते. पायथनची नमपाय लायब्ररी तुम्हालाच विचारते, तुम्हाला काय हवे? संकलनाला फरक पडत नाही, म्हणून इंजिनियर यावर भांडत नाहीत. हा त्यांचा गुण समजावा.

खरा स्विच तरी पायरी देतो का? नाही. त्याच्या पट्ट्या एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद उड्या मारतात, म्हणून कीबोर्डच्या आत ती धडधड गाळणारी सोय असते. थंड दिव्याच्या तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे दहावा-पंधरावा हिस्सा असतो, त्यामुळे जुना पिवळा दिवा बहुधा लावतानाच जायचा. तिथे रोध स्वतःच बदलतो आणि बेरजेचा नियम लागत नाही. पायरी हे सोज्ज्वळ खोटे आहे. यंत्राच्या चालीपेक्षा स्विच कितीतरी पट झटपट असेल तोवर ते वापरावे, एरवी वापरू नये. केव्हा थांबायचे हे कळणे हीच इंजिनियरची अक्कल. ती सूत्रांच्या टेबलातून येत नाही.

म्हणून समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या प्राध्यापकांना एक विनंती. लाप्लासचे टेबल फळ्यावर यायच्या आधीच्या तासाला एक नऊ व्होल्टची बॅटरी, शंभर किलोओहमचा रेझिस्टर, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर वर्गात आणा. सगळे मिळून फारसा खर्च नाही. कपॅसिटरचे दोन पाय आधी एकमेकांना टेकवून तो रिकामा करा, बॅटरी जोडा, आणि मुलांना दर दोन सेकंदांनी आकडा लिहायला लावा. गणित सांगते की दहाव्या सेकंदाला आकडा ५.७ व्होल्टवर हवा. बाजारातल्या कपॅसिटरची किंमत छापल्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकते, तेव्हा ५.७ यायला तुमच्याकडे बारा सेकंदही लागतील. लागले तर जर्नलमध्ये बाराच लिहा, आणि परीक्षकाने विचारले तर का लागले ते सांगा.